उल्कांसाठी हवा अंधार

ऑगस्टमधला उल्कावर्षाव कॅमेऱ्यात पकडायचा तर काळाकुट्ट अंधार लागतो, आणि आमच्या मॉन बेटावर तो हवा तेवढा मिळतो. अडचण एकच होती: शेजारच्या ॲस्गरकाकांच्या सफरचंदाच्या बागेतला दिवा. रात्रभर ढणढणत असायचा. माझा नवरा टोर्किल दरवर्षी तो विझवायची विनंती करायला जायचा आणि भांडून परत यायचा.

यंदा त्याने आईला गळ घातली. "तूच जा. तुझ्याशी तरी म्हातारा माणसासारखा बोलतो."

सासूबाईंनी सत्तरी ओलांडलीय. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्या केस नीट विंचरून, केक घेऊन गेल्या आणि दुपार कलल्यावर परतल्या.

"विझवतो म्हणालाय. पण मी सोबतीला बसायचं. अंधाराची भीती वाटते म्हणे."

"घोड्याएवढा झालाय आणि भीती!" टोर्किल खदखदून हसला. मी हसले नाही.

रात्री दिवा खरंच विझला. टोर्किलने कॅमेरा बागेच्या उतारावर रोखला: खाली झाडं, वर आकाश. फोटो आपोआप निघत होते आणि हा त्या इवल्याशा पडद्याला डोळे लावून बसलेला. मी गवतात उताणी पडले होते.

"ती बघ! अगं बाई, केवढी होती!"

"ओरडू नकोस. मी फोकस बघतोय."

तेवढ्यात आमच्या पाठीमागून हिरवट उजेडाचा लोळ आला. सगळं रान लख्ख उजळलं. टोर्किलने मान वर न करताच बोंब ठोकली, "ए म्हाताऱ्या! दिवा विझव! शब्द दिला होतास ना?"

बागेतून आवाज आला, "अरे गाढवा, मागे बघ!"

तो वळेपर्यंत आकाशात धुराची एक पुसट रेघ उरली होती.

सकाळी न्याहारीला बसल्यावर त्याने फोटो उघडले. उल्का एकाही फोटोत नव्हती. पण एका फोटोत बाग दिवसासारखी उजळली होती, आणि झाडाखालच्या बाकावर, एकाच पांघरुणात, सासूबाई आणि ॲस्गरकाका एकमेकांचं चुंबन घेत होते.

सासूबाई कॉफी घेऊन आल्या, पडद्याकडे बघून थबकल्या. "वसंतातच सांगणार होते. राहून गेलं."

"कधीपासून चाललंय हे?"

"बरीच वर्षं झाली. तो दिवा माझ्यासाठीच लावायचा रे. रात्री परत येताना पाय घसरू नये म्हणून."

टोर्किलचे कान लाल झाले. आता हा भडकणार की रडणार, मला कळेना. त्याने फोटो मोठा केला, आईच्या चेहऱ्यापाशी थांबला. तिला इतक्या आनंदात त्याने कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मीही नव्हतं पाहिलं.

"जराही हललेला नाही," तो म्हणाला. "केवढा छापून देऊ?"

"बेताचाच दे," सासूबाई म्हणाल्या. "ॲस्गर लाजतो."