पायरीच्या फटीतले पाते

मित्रांनो, मी एक जुने, वाळलेले गवताचे पाते आहे. वाळलेल्या गवताला कसले आले आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. गवताला वाऱ्याची सवय असते, आणि माझे सारे आयुष्य मात्र दोन पानांच्या मध्ये गेले. एका जागी गप्प पडून राहणे मला कधीच जमले नाही. पान उलटल्याचा आवाज आला की आजही माझ्या अंगाला कंप सुटतो.

माझा जन्म एका किल्लीवाल्याच्या दुकानाच्या पायरीत झाला. पायरीच्या दगडाला फट होती आणि शेजारी गळका नळ होता. आम्हा भावंडांना आणखी काय हवे? वर पाटी होती, ‘डुप्लिकेट किल्ल्या बनवून मिळतील’. दिवसभर कानशीचा खरखर आवाज चाले आणि पितळेचा कीस आमच्या डोक्यावर पडे. किल्लीवाले आजोबा मूळ किल्ली शेजारी ठेवून नव्या किल्लीला असे दात पाडत की जुनी कोणती आणि नवी कोणती, हे खुद्द कुलपालाही कळू नये.

आजोबांना दुसरेही एक काम होते. गल्लीत कुणाच्या घरी कुणी वारले की ते धर्मग्रंथ काखेत घेऊन जात आणि वाचून दाखवत. त्या ग्रंथात एका जागी सांगितले आहे की माणसाचे आयुष्य गवतासारखे असते. सकाळी तरारते आणि संध्याकाळी वाळून जाते. जगातली सगळी झाडे सोडून उदाहरणाला आम्हीच सापडलो! पण आजोबा ती ओळ इतक्या शांत आवाजात वाचत की रडणारी माणसेही हळूहळू सावरत.

मग एकदा ती ओळ त्यांना दुकानामागच्या स्वतःच्याच घरात वाचावी लागली. त्यांची धाकटी लेक तापाने गेली. आजोबांचा आवाज तेव्हाही हलला नाही. लोकांनी त्यांच्या धीराचे कौतुक केले. पण कोपऱ्यात त्या लेकीची मुलगी बसली होती. तिचे वडील मालवाहू बोटीवर कामाला असत. ते आले, रडले आणि सुट्टी संपताच परत गेले. ही मुलगी एवढे प्रश्न विचारी की सारी गल्ली तिला टोचणी म्हणे. आई गेली त्या दिवशी मात्र टोचणीने एकही प्रश्न विचारला नाही आणि एक टिपूसही गाळले नाही.

वडील बोटीवर परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर आली, मला उपटले आणि माझ्या टोकाशी दाताने एक खूण केली. मग तिने आजोबांचा ग्रंथ उघडून मला बरोबर त्या ओळीवर ठेवले.

“आजोबा, हे संध्याकाळपर्यंत वाळलं तर तुमचं पुस्तक खरं. नाही वाळलं तर खोटं. आणि पुस्तक खोटं असेल तर आईचंही खोटं. ती येणार.”

एवढे बोलून ती शाळेत गेली. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मी जगण्यासाठी फार धडपडले, पण मुळापासून तुटलेल्याची धडपड ती केवढी? दुपारी आजोबांनी ग्रंथ उघडला तेव्हा मी मान टाकली होती. त्यांनी मला बोटाने चाचपून पाहिले. मग उठून पायरीवर गेले, एक हिरवे पाते उपटून आणले आणि माझ्या शेजारी ठेवले. कात्रीने ते माझ्याएवढे कापले. बारीक कानशीने त्याच्या टोकाला दाताची खूण पाडली. मला चिमट्याने उचलून ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानाआड सरकवले आणि माझ्या जागी ते नवे पाते ठेवले. मी मूळ किल्ली झाले होते.

संध्याकाळी टोचणीने ग्रंथ उघडला आणि घरभर नाचली. “खोटं! पुस्तक खोटं!” तिने आईच्या चपला उंबऱ्याजवळ नीट लावून ठेवल्या. आणि जाहीर केले, “आता रोज बघायचं.”

झाले! दुसऱ्यांची कुलपे उघडून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला कोंडून घेतले. रोज दुपारी टोचणी शाळेत असताना आजोबा मला बाहेर काढत, माप घेत आणि नवे पाते तयार करत. जुने पाते माझ्या शेजारी येऊन पडे. एकदा त्यांना पायरीवर वाकलेले पाहून एका गिऱ्हाइकाने विचारलेही, “काय आप्पा, बकरी पाळली की काय?”

मी मात्र आत तळमळत होते. मला सगळे ऐकू येई. दाराशी पाऊल वाजले की टोचणी ताडकन उठे, आणि गिऱ्हाईक दिसले की पुन्हा खाली बसे. खेळायला म्हणून ती जाईना. जेवायला बसताना आईचेही ताट मांडी. तिची मावशी, म्हणजे आजोबांची थोरली लेक, पदराने डोळे पुसत ते ताट उचलून ठेवी.

“आप्पा, जगाला वाचून दाखवता,” एकदा मावशी फणकारली, “मग घरातल्या पोरीला का सांगत नाही? त्या चपलांकडे बघवत नाही मला.”

“सांगतो गं.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना!”

आणि ते काही सांगत नसत. दुसऱ्यांच्या घरी वाचतानाही ते आता त्या ओळीपाशी अडखळत. तिथे हिरवेगार पाते पडलेले असे ना! मग खाकरत, पाणी मागत आणि ओळ गाळून पुढे जात. लोक एकमेकांकडे बघत. आणि मला वाटे, ओरडून सांगावे, की पोरी, मी इथे आहे, शेवटच्या पानाआड, आणि मी कधीच वाळले आहे. पण गवताला वाचा कुठली? आणि खरे सांगू? तिने मला बघावे असेही वाटे, आणि बघू नये असेही वाटे.

एके दुपारी आजोबांनी चिमटा जरा जोरात दाबला आणि माझे टोक मोडून बाकीच्या वाळल्या पात्यांत हरवले. खूण त्याच टोकावर होती. मूळ किल्लीचा दातच तुटला म्हणा. आजोबांनी आठवून आठवून नव्या पात्यावर खूण पाडली.

संध्याकाळी टोचणीने पाते उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “खूण दुसऱ्या कडेला होती.”

“असेल, बाळा. उलटं ठेवलं गेलं असेल.”

“उलटं केलं तरी नाही जुळत. हे माझं नाही.”

ती भराभरा पाने उलटत गेली. शेवटचे पान आले आणि आम्ही सगळीच्या सगळी तिच्या मांडीवर सांडलो. पिवळी, करडी, एकाच मापाची. तिने त्यातून मला शोधले. तुटलेले टोक शोधले, ते मला जोडून धरले आणि खुणेला आपला दात लावून पाहिला.

“हे माझं आहे.”

“हो,” आजोबा म्हणाले.

“हे वाळलंय.”

“हो.”

“कधी?”

“त्याच दिवशी. तू शाळेतून यायच्या आधीच.”

“मग तुम्ही बदललं का?”

इतक्या घरांतून इतक्या लोकांना धीर दिलेल्या त्या माणसाने सांडलेली पाती गोळा करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी म्हणाले, “तुझ्यासाठी म्हणून बदललं. पण मलाही बघवत नव्हतं गं. माझी लेक होती ती.” आणि त्यांचा तो न हलणारा आवाज फुटला.

आजोबा रडतात हे टोचणीने पहिल्यांदा पाहिले. तेव्हा कुठे तिलाही रडू आले, आणि ते थांबता थांबेना. मावशी ओल्या हातांनीच धावत आली आणि दोघांना धरून खाली बसली. मी टोचणीच्या मुठीत होते. तिने मूठ आवळली असती तर माझा भुगा झाला असता. पण एवढ्या रडण्यातही तिने मला सांभाळून धरले.

रडून झाल्यावर तिने मला त्या ओळीवर ठेवले. “आता हे बदलायचं नाही,” ती म्हणाली. मग उठून उंबऱ्याजवळच्या चपला उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि आईच्या कपाटात ठेवून आली.

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आजोबा गेले, तेव्हा ती ओळ टोचणीनेच वाचली. आवाज हलला, थांबला, पण तिने ओळ गाळली नाही. आता दुकानात कानस तिच्या हातात असते आणि ग्रंथ घेऊन लोकांच्या घरीही तीच जाते. माझा रंग उडाला आहे, कडा झिजल्या आहेत. ग्रंथाने आमच्याबद्दल लिहिले ते खरेच आहे, त्यावर माझी आता तक्रार नाही. एवढेच मागणे आहे, की वाळलेले पाते कुणापासून लपवू नका. ते दाखवा, आणि दाखवून झाल्यावर उठून जाऊ नका, शेजारी बसा.

टोचणी तसेच करते. वाचायला गेलेल्या घरात कोपऱ्यात एखादे लहान मूल गप्प बसलेले दिसले, की ती आधी त्याच्याजवळ जाऊन बसते, ग्रंथ उघडते आणि मला त्याच्या तळहातावर ठेवते.

“हळू धर हं,” ती म्हणते. “वाळलंय ते.”