बेचाळीसची दुप्पट

गिऱ्हाईक पाटी दुप्पट करा म्हणालं, मी केली. त्यात चुकण्यासारखं होतं काय? चौदा वर्षं पाट्या कोरतेय मी. नकाशाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात शून्य धरायचं आणि प्रत्येक बिंदूचे दोन्ही आकडे दोनाने गुणायचे. टेलिफोनच्या खोलीचं दार आडवं तीस, उभं वीस मिलिमीटरवर होतं, ते साठ-चाळीसवर गेलं. पलीकडचं जिन्याचं दार बेचाळीस-वीसवरून चौऱ्याऐंशी-चाळीसवर. आकार तोच, कोन तेच, अंतरं तेवढी दुप्पट.

अंधांना बोटांनी वाचता येईल अशी ही नकाशाची पाटी एका हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर लागणार होती, आणि सोमवारपासून माझी धाकटी बहीण तिथे टेलिफोनवर बसणार होती. तिची नजर जाऊन दोन वर्षं झाली. "पहिल्या दिवशी मी एकटी जाणार, कुणी मागे यायचं नाही," असं तिने घरात ठणकावलं होतं.

शनिवारी दुपारी तयार पाटी तपासायला मी तिलाच कारखान्यात बोलावलं. तिने दोन्ही हात पाटीवर फिरवले.

"भिंती झकास. इथून उजवीकडे वळायचं, कळलं." मग बोट दारापाशी अडलं. "ताई, इथे काय लिहिलंय?"

"जिना. ब्रेलमध्येच तर लिहिलंय!"

"मला नुसते सुटे मणी लागतायत. अक्षर बोटाखाली मावतच नाही."

"नीट बघ की जरा!" मी खेकसले.

"ताई, पाटी दुप्पट केलीस. माझं बोट नाही केलंस."

मी चांगलीच ओशाळले. सगळा नकाशा एकदम गुणला, तेव्हा ब्रेल अक्षरांतले उठावाचे ठिपके, म्हणजे हे मणीही एकमेकांपासून दुप्पट लांब गेले होते.

आता एकच पत्रा उरला होता आणि चार वाजता पाटी लावणारे येणार होते. धाकटीला घरी पाठवलं. भिंती दुप्पटच ठेवल्या, पण प्रत्येक शब्दाचा फक्त पहिला मणी गुणून हलवला आणि बाकीचे त्याच्यापासून जुन्याच अंतरावर बसवले. चौदा शब्दांचे आकडे यंत्रात हाताने टाकले. शेवटचा मणी ठोकत होते तेव्हा माणसं दारात येऊन उभी होती. त्यांनी पाटी कापडात गुंडाळली आणि नेली.

रविवारी सकाळी चहा पिताना एकदम शंका आली. 'जिना' या शब्दासाठी मी ८४ टाकलं होतं की ४८? काही केल्या आठवेना. ४८ टाकलं असेल, तर पाटीवर 'जिना' हा शब्द खोलीच्या दाराच्या अलीकडे आला. म्हणजे धाकटी पहिलं दार सोडून दुसरं ढकलणार, आणि पुढचं पाऊल थेट पायऱ्यांवर! कारखान्याला कुलूप, मालक गावाला, आणि हॉस्पिटलचा तो मजला रविवारी बंद. मी तिला सांगायला गेले.

"उद्या येणार नाहीस ना मागे?" तिनेच विचारलं.

"छे," मी म्हणाले. सगळा दिवस मला घास गोड लागला नाही.

सोमवारी तिच्या आधी पोचायचं ठरवलं होतं, तर बस रखडली. चार मजले पायऱ्यांनी धापा टाकत चढले. वरच्या दारापाशी पोचते तोच पलीकडे लिफ्टची घंटा वाजली. पाटी बघायला वेळच नव्हता. मी जिन्याच्या बाजूने दाराला खांदा लावून उभी राहिले.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. वाचत असणार. मग काठीची टकटक जवळ आली, पहिल्या दारापाशी थांबली आणि पुढे निघाली. टकटक माझ्यासमोर थांबली आणि दार आत ढकललं गेलं.

"थांब!" मी ओरडले. "जिना आहे हा!"

"माहितीये, ताई. पाटीवर लिहिलंय," पलीकडून धाकटीचा आवाज आला. "आग लागली तर पळायचं कुठून, ते आधी बघून ठेवतेय. आता सरक बाजूला."