पेटीच्या दाराला दोन भोकं

मी एक जुना होल सॉ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. मी दिसतो लोखंडी वाटीसारखा. कडेला दात, मधोमध टोकदार बिट. ड्रिल मशीनला मला लावायचं, बटण दाबायचं, की मी गोल भोक पाडतो. एवढंच माझं काम. पण तेवढंही हे लोक मला धड करू देत नाहीत.

कारखान्यात घडलो, दात परजून घेतले आणि यवतमाळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला टांगून राहिलो. तिथून पुंडलिकरावांनी मला फुलसावंगीला आणलं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पाण्याच्या टाकीला नळासाठी असं स्वच्छ भोक पाडलं, की ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागले, "पाहा, कशी वाटी आणली." तेव्हापासून या घरात माझं नाव वाटी. काय ते कौतुक! पुढच्याच आठवड्यात त्याच माणसानं मला विटेच्या भिंतीत घुसवलं आणि माझे दोन दात गेले. मग गंजक्या खिळ्यांच्या डब्यात रवानगी. तेल नाही, पुसणं नाही. विचारतो कोण!

त्या डब्यातून मला बाहेर काढलं ते समीक्षासाठी. ही पुंडलिकरावांची सून. तिनं जुना फ्रिज आडवा पाडून त्याची अंडी उबवायची पेटी केली आहे. आत बल्ब, पाण्याचं भांडं आणि दाराच्या जागी काच. गल्लीतल्या बायांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिच्या भरवशावर दिली होती. पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले, आणि सकाळी मांजरानं उडी मारून काच फोडली. समीक्षानं अंडी गोधडीत गुंडाळली, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, स्कुटीवर महागावला गेली आणि ॲक्रेलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची शीट घेऊन आली. हवा खेळायला शीटला दोन भोकं पाडायची, की दार तयार. जितका उशीर, तितकी अंडी गार होणार होती.

शीटवर दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकची निळी पन्नी चिकटवलेली होती. मित्रांनो, ती पन्नी माझ्यासाठीच असते. तिच्यामुळे बिट घसरत नाही, ओरखडे पडत नाहीत. आणि हे घर कसलं? टीव्हीचा रिमोट पन्नीत. मोटारसायकलच्या सीटवर पन्नी. सोफ्यावरची तर समीक्षाच्या लग्नापासून तशीच. उन्हाळ्यात पाठीला चिकटते, पण काढतील तर शपथ. म्हटलं, इथे पन्नीला धोका नाही. तेवढ्यात समीक्षाची सासू, इंदूबाई, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"नवी वस्तू हाय. कुंकवाचं बोट तं लावू द्या."

"पन्नीवर कायले लावतं? काचेवर लाव," असं म्हणत पुंडलिकरावांनी दोन्हीकडची पन्नी टर्रकन सोलली. इंदूबाईंनी ती घडी करून जपून ठेवली. म्हणजे जपायची अक्कल आहे, फक्त नको तिथे.

मग शीट दोन विटांवर आडवी टाकली. खाली आधार काही नाही. मशीन फुल स्पीडवर, वरून पुंडलिकरावांनी सगळं अंग टाकलेलं. बिट घसरला, लांब ओरखडा उठला. मी तापलो. प्लास्टिक कापायच्या ऐवजी वितळलं आणि माझ्या दातांत जाऊन बसलं. धूर निघाला, घाण वास सुटला. आणि हे म्हणतात, "वाटी बोथट झाली." बोथट कोणी केली हो? शेवटी कट्ट वाजलं. भोक वाकडंतिकडं पडलं आणि त्याच्या कडेपासून चार बोटं तडा गेला.

समीक्षानं गोधडीत हात घालून एक अंडं काढलं आणि गालाला लावलं.

"मामाजी, अंडे गार होऊन राह्यले. आता दुसरी शीट आणायले वेळ नाही. बायाइले काय तोंड दाखवू मी?"

पुंडलिकरावांनी मशीन तिच्या हातात दिलं. तिनं केसातल्या पिनेनं माझे दात कोरून साफ केले. तड्यावर टेप मारली, दुसऱ्या भोकाच्या जागीही मारली. शीटखाली जेवायचा पाट सरकवला. सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही फक्त शीट धरा. जोर नका लावू, वाटीले तिच्या मनानं कापू द्या." मशीन हळू फिरवलं. थोडं कापायचं, मला वर उचलायचं, भुसा झटकायचा, गार होऊ द्यायचं. भोक बांगडीसारखं गोल पडलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी दम खाऊ दिला, आणि मला भरून आलं.

दार बसलं, बल्ब लागला. मला पेटीवरच, भोकाच्या कडेला ठेवून सगळे विसरले. तीन-चार दिवसांनी आतून टकटक ऐकू आली. गल्लीतल्या बाया दारात जमल्या. काही अंडी गेली ती गेलीच, पण बरीच तगली होती. इंदूबाईंना राहवेना.

"लेकराले जड जाऊन राह्यलं. मी सोलून देऊ का?"

"हात नका लावू, आई. सोललं तं रगत येते," समीक्षानं अडवलं.

भोकातून मी खाली पाहत होतो. पिल्लू आतून कवच गोल गोल कापत होतं. थोडं कापायचं, थांबायचं, दम खायचा, जरासं वळून पुन्हा कापायचं. मग कवचाचं झाकण उघडलं आणि ओलं पिल्लू बाहेर आलं.

मित्रांनो, हत्यार पुसून ठेवा, त्याच्यावर अंग टाकू नका, त्याला त्याच्या गतीनं काम करू द्या. हे सांगून सांगून मी थकलो. ते पिल्लू तर अजून जगातही आलं नव्हतं, तरी त्याला कळत होतं.