काढून ठेवलेली वायर

डॉक्टर दातांचे होते आणि दात काढणं त्यांच्या जिवावर यायचं. किडका असो, हलता असो, "मूळचा आहे, राहू दे, सांभाळू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेशंट गालाला हात लावून कण्हत असला तरी आधी त्याला मूळच्या दाताची थोरवी ऐकून घ्यावी लागे. ज्यांच्यात तेवढा दम नसे ते दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या दवाखान्यात जात आणि दात काढून मोकळे होत.

गाडीचंही तेच. फिकट हिरव्या रंगाची ती गाडी त्यांच्या लग्नाहून वयाने मोठी होती. शेजारी तिला ढकलगाडी म्हणत, मेहुणा म्हातारी म्हणे. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं झाकण. म्हणजे आतलं तुम्हाला काय करायचंय, तुम्ही गप्प बसा आणि चाक फिरवा. ह्या गाडीत प्रत्येक गोष्टीला आवाज होता, वास होता, आणि तो ओळखणारा एकच माणूस होता. खरं तर सगळी गोम इथेच होती. जुनी गाडी माणसाला आवडते ती तिच्या रंगारूपासाठी, असं आपण समजतो. पण तिला आपल्यावाचून चालत नाही, आणि कोणाला तरी आपल्यावाचून चालत नाही ह्याची चटक दारूपेक्षा वाईट. डॉक्टरांना ती पुरती लागली होती.

त्यातलीच एक गोष्ट वायरची. गाडीत कुठेतरी करंट गळत होता. रात्री नुसती उभी राहिली तरी सकाळी बॅटरी उतरलेली. मिस्त्री म्हणाला, वायरिंग म्हातारं झालंय, सगळं बदलू, विषय संपला. डॉक्टर म्हणाले, मूळचं आहे, राहू दे. मग त्यांनी स्वतःच तोड काढली आणि ती मिस्त्रीलाही ऐकवली. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून बॅटरीची एक वायर काढून ठेवायची आणि सकाळी परत लावायची. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची आणि विचारायची, "रोज त्यात डोकं घालून काय बघता हो?" डॉक्टर म्हणायचे, "तुला नाही कळायचं." लपवायचं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, आणि मग ती गाडी थोडी तिचीही झाली असती.

बायकोला गाडी चालवता येत होती. तिची स्वतःची छोटी गाडी होती, ती डॉक्टरांनीच विकायला लावली. दोन माणसांना दोन गाड्या कशाला, हा त्यांचा सवाल. तेव्हापासून तिला कुठे जायचं असलं की डॉक्टर सोडत. अडीनडीला म्हणून त्यांनी तिला एवढंच शिकवलं होतं, की आधी किल्ली, मग चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारी खुंटी. "आधी चोक ओढलास की ती रुसलीच म्हणून समज."

त्या रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळींचा मेळावा होता. डॉक्टर एका मित्राच्या गाडीतून गेले. दुपारी एका कार्ब्युरेटरभोवती सहा प्रौढ माणसं बारशाला जमल्यासारखी वाकून उभी होती, त्यात डॉक्टरही होते. त्यांचा फोन कोटाच्या खिशात आणि कोट मित्राच्या गाडीत. फोन वाजत राहिला.

इकडे मेहुण्याचा फोन घरी आला होता. आईचं काही खरं नाही, लगेच नीघ. सासूबाई मेहुण्याकडे असत, डोंगरापलीकडच्या गावी. बायकोने किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नवऱ्याला फोन केला, शेजारी बघितलं तर त्यांच्या दाराला कुलूप, पुन्हा येऊन गाडीत बसली. मग भाड्याची गाडी बोलावली, ती यायला पाऊण तास गेला. ती पोचली तेव्हा मेहुणा दारातच उभा होता. म्हणाला, "सारखी विचारत होती, निघाली का, निघाली का म्हणून. आत्ताच गेली." आणि मग, कोणीही कधी विसरणार नाही अशा आवाजात, "दारात गाडी असून तुला येता आलं नाही."

डॉक्टर संध्याकाळी तिथे पोचले. बायको मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. त्यांना बघून ती रडली नाही. म्हणाली, "अहो, गाडी चालूच झाली नाही. आवाज नाही, दिवासुद्धा लागला नाही. मी घाईत आधी चोक ओढला बहुतेक. त्यामुळे असेल का?"

दिवासुद्धा लागला नाही, हे डॉक्टरांनी नेमकं ऐकलं. चोकचा आणि दिव्याचा काडीचा संबंध नव्हता. आदल्या संध्याकाळी काढलेली वायर त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आजूबाजूला माणसं होती, मेहुणा दाराशी होता. डॉक्टर म्हणाले, "असेल."

बस, एवढंच. चार दिवसांनी घरी गेलो की शांतपणे सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण असल्या गोष्टीचं दातासारखंच असतं. पहिल्या दिवशी नुसतं भरून भागतं, पुढे मुळापर्यंत जावं लागतं, हे पेशंटला रोज सांगणारा माणूस स्वतः मात्र उद्यावर ढकलत गेला. चार दिवसांचे चार आठवडे झाले. मेहुण्याने बहिणीला फोन करणं सोडलं. आईच्या वस्तूंची वाटणी झाली, बायकोच्या वाट्याचं खोकं कोणाच्या तरी हाती आलं, बरोबर निरोपाचा शब्द नाही. तिने ते न उघडता कपाटावर ठेवलं.

आणि एक दिवस ती म्हणाली, "मला गाडी शिकवा. वरवर नको, सगळी."

डॉक्टर म्हणाले, "अगं, विकूनच टाकू आता. झालं तेवढं पुरे."

"विकायची कशाला? चूक माझी, तिची काय?"

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला निदान ताकाची तरी गरज असते. डॉक्टरांना तर गाडी विकून पुरावाच नाहीसा करायचा होता, आणि त्याला ते मनातल्या मनात प्रायश्चित्त म्हणत होते.

शिकवणी सुरू झाली. बायको उठायच्या आत डॉक्टर चोरपावलांनी खाली जात, वायर लावत, बॉनेट आवाज न करता बंद करत आणि वर येऊन पुन्हा पांघरुणात शिरत. ह्या वयात स्वतःच्याच घरात असं वागणं त्यांना शोभत नव्हतं आणि ते त्यांना कळत होतं. मग ती खाली येई, सीटवर बसे आणि म्हणे, "आधी किल्ली. मग चोक." दर वेळी म्हणे. अगदी हळू, शाळेत छडी खाल्लेल्या मुलीसारखी. डॉक्टर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत.

पण ती शिकली, आणि नुसती शिकली नाही. चढावर गाडी दुसरा गिअर कधी मागते, ब्रेकवर पाय किती आधी टाकायचा, ओल्या सकाळी तिला किती वेळ द्यायचा, हे तिला डॉक्टरांहून लवकर उमगलं. तिने सीटच्या उसवलेल्या शिवणीला टाके घातले. पुढची काच पुसताना ती गाडीशी बोलायला लागली. एकदा घरी परतताना इंजिनात बारीक टकटक आली. तिने गाडी कडेला घेतली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "तेल कमी झालंय ना?" बरोबर होतं. वर म्हणाली, "मला आत्ता कळलं तुम्ही हिच्यात काय बघता ते. ही निदान सांगते तरी, काय दुखतंय ते. माणसं कुठे सांगतात?"

तिने हे सहज म्हटलं होतं. पण खाई त्याला खवखवे. डॉक्टरांना रात्रभर ते वाक्य पुरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना अर्ध्यावर सोडून ते गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. म्हणाले, "वायरिंग बदला. सगळं."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "सूर्य कुठे उगवला आज? इतकी वर्षं सांगतोय तेव्हा म्हणे मूळचं आहे."

"आता बदला म्हणतोय ना."

"बदलतो. बरं झालं. वहिनी चालवतात हल्ली, बघितलं परवा. एखाद्या दिवशी तुम्ही वायर काढलेली असायची आणि त्यांना निघायचं असायचं, म्हणजे पंचाईत."

मिस्त्रीला त्या रविवारचं काही ठाऊक नव्हतं, तो आपला बोलून गेला. डॉक्टर फळीवर ठेवलेल्या जुन्या दिव्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी गाडी मिळाली. मूळच्या वायरींचं भेंडोळं मिस्त्रीने पिशवीत घालून दिलं, त्यांनी ते नको म्हणून तिथेच ठेवलं. आता करंट गळत नव्हता, वायर काढायचं कारण नव्हतं, चोरपावलांनी खाली जायचं काम नव्हतं. जगात कोणालाही हे कळायची सोय उरली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या रात्री डॉक्टरांना पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते खाली आले तर बायको बाहेर जायचे कपडे घालून गाडीजवळ उभी होती. टायर तपासून झाले होते, पाणी बघून झालं होतं.

"कुठे निघालीस?"

"दादाकडे. एकटी जाते. काल मी त्याला फोन केला होता."

"काय म्हणाला?"

"मीच बोलले. म्हटलं, दादा, चूक झाली, मला माफ कर, मी घाबरले आणि आधी चोक ओढला. तो म्हणाला, असू दे. आणि ठेवला." तिने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून म्हटलं, गाडी चालवतच जावं त्याच्या दारात. त्याला दिसू दे मी शिकलेय. पुन्हा कधी असं व्हायचं नाही."

पुन्हा कधी. आई एकच होती आणि ती गेली होती. तरी ही बाई माणसांची रहदारी सुरू व्हायच्या आत उठून, पाणी-तेल बघून, जी चूक तिने केलीच नव्हती ती पुन्हा करणार नाही हे दाखवायला डोंगर ओलांडून निघाली होती. डॉक्टरांनी गाडीच्या टपाला हात टेकला.

"चोकचं काही नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. मी आदल्या संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवली होती. रोज काढायचो. तू काहीही केलं असतंस तरी गाडी चालू झाली नसती. मला तिथे, त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू विचारलंस आणि मी असेल म्हणालो."

ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडायला हवी होती. इतक्या आठवड्यांत त्यांनी तिचे शंभर संताप मनात ऐकून ठेवले होते आणि प्रत्येकाला उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ती नुसती बघत राहिली आणि तिच्या तोंडावरचं काहीतरी हळूहळू सैल पडत गेलं. कपाळ, गाल, ओठ. ती कित्येक दिवसांत इतकी तरुण दिसली नव्हती.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मी नीटच केलं होतं?"

"हो."

तिने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. तो ऐकून डॉक्टरांना कळलं की आपण तिच्यापासून काय अडवून ठेवलं होतं. हा श्वास ते तिला त्याच संध्याकाळी देऊ शकले असते, दुसऱ्या दिवशी, कुठल्याही सकाळी. फुकट होता. शिव्या परवडल्या असत्या.

मग तिने डोळे उघडले. आता त्यांत आधीची ती नव्हती.

"बसा गाडीत," ती म्हणाली.

"मी?"

"दादाला हे मी सांगितलं तर त्याला वाटेल, नवऱ्याच्या माथी मारतेय. तुम्ही सांगायचं."

ती चाकामागे बसली, डॉक्टर शेजारी. तिने किल्ली फिरवली, चोक ओढला. आज ते नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. गाव संपलं, घाट लागला. डॉक्टरांनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, की ही गाडी वाटेत बंद पडू नये. आज ते हात मांडीवर ठेवून, कान टवकारून, अगदी उलटं मागत होते. तापू दे. खोकू दे. एखादा पट्टा तुटू दे. वाटेत तासभर मिळाला तर शब्द जुळवता येतील, तिच्याशी चार वाक्यं बोलता येतील, निदान बॉनेट उघडून त्यात तोंड घालता येईल. प्रत्येक चढावर ते श्वास रोखून ऐकत होते. बायकोने दुसरा गिअर नेमक्या वेळी टाकला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढून गेली. इतकी छान ती कधीच चालली नव्हती.

मेहुण्याच्या दारासमोर तिने गाडी थांबवली. इंजिनाचा आवाज ऐकून वरच्या खिडकीतला पडदा हलला. डॉक्टर वाट बघत होते, की ती आधी उतरेल.

"मी येत नाही आत," ती म्हणाली. "मी समोर असले तर तो तुम्हाला काही बोलायचा नाही. बहिणीचा नवरा म्हणून गिळेल सगळं. त्याला बोलू दे."

"आणि मग?"

"मग काय ते मला माहीत नाही. आधी तर जा."

डॉक्टर उतरले. दार नीट लागलं नाही, पुन्हा लावलं. मेहुणा खाली येऊन उंबऱ्यात उभा राहिला होता, त्यांच्या खांद्यावरून गाडीकडे बघत होता. चाकामागे बहीण दिसल्यावर त्याच्या कपाळावर आठी पडली. डॉक्टर त्याच्याकडे चालू लागले. मागे तिने इंजिन बंद केलं नव्हतं.