आक्काबाईच्या जोडव्याचं दातकोरणं

आज सकाळपासून सातपुड्याकडून गार वारा सुटलाय. ऊन आहे, पण नुसतं बघायला. अंगाला लागत नाही. शेजारच्या धनसिंग नानाच्या खळ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटल्यात. त्यांवर वांगी भाजताहेत. तो धूर वाऱ्याबरोबर आमच्या दारातून आत येतो आणि थेट फळीपर्यंत पोचतो. फळीवर स्टीलची एक डबी आहे. त्या डबीत मी आहे.

मी एक दातकोरणं. चांदीचं, बोटाच्या दोन पेरांएवढं. एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला कडी. जेवण झालं की माणसाला माझी आठवण येते, दात मोकळा झाला की विसर पडतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उद्या सकाळच्या एसटीनं मला शिरपूरला सोनाराकडे नेणार आहेत. तिथं मी वितळेन. म्हणून आज बोलतोय. मला लिहिता-वाचता येत नाही, माझ्या मालकालाही येत नाही. जे पाहिलं तेवढं सांगतो, आणि सावकाश सांगतो.

मी आधी दातकोरणं नव्हतो. मी जोडवं होतो, आक्काबाईच्या उजव्या पायातलं. सात-आठ वर्षं तिच्या पायात राहिलो. काळ्या मातीत चाललो, कापसाच्या ओळीतून फिरलो, झिजत झिजत पातळ झालो. एक दिवस वेचणीच्या वेळी पऱ्हाटीच्या बुडख्याला अडकलो आणि तुटलो. आक्काबाईनं मला पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं.

तिचा नवरा चिंधा. आज त्याला सगळं गाव आबा म्हणतं, तेव्हा तो तिशीतला गडी होता, शिरपूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस ओढायचा. दोघं मला घेऊन सोनाराकडे गेले. त्यांचा राजदीप तेव्हा रांगत होता, तोही कडेवर होता.

सोनार म्हणाला, "चिंधा भाऊ, एकाच पायातलं, तेही झिजलेलं. याचं काय करू?"

चिंधाभाऊ म्हणाला, "मला एक दातकोरणं घडवून द्या. जिनात जेवलो की दातात अडकतं, मग काड्या शोधत बसतो."

आक्काबाई हसली. तोंडावर पदर घेऊन हसली आणि म्हणाली, "मना पायनी चांदी आते तुमना तोंडमा जाई!"

सोनारही हसला. भट्टीत जाताना मी तिचं ते हसणं पाहिलं. बाईचा लाजरा स्वभाव, असं मला वाटलं. पदर तोंडावर का होता, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

मग मी चिंधाभाऊच्या कमरेच्या करगोट्याला लटकलो. जिनातले दिवस माझे चांगले गेले. दुपारी गडी निंबाखाली भाकरी सोडायचे. जेवण झालं की धनसिंग हात पुढं करायचा. तोही तिथंच कामाला होता.

"चिंधा, दे रे तुनं हत्यार."

"आधी धुवायचं कबूल कर."

"धुतस ना भो, मी का लांडगा शे?"

धूत कुणीच नव्हतं. धोतराला पुसलं की झालं. एका दुपारी मी चार-चार तोंडं फिरायचो. दात कोरताना माणूस आभाळाकडे बघतो, आणि तेव्हा तो खोटं बोलत नाही, हे मी तिथं शिकलो. कोण आजारी, कुणाच्या पोरीचं जमत नाही, कुणाला घरी जावंसं वाटत नाही, सगळं मला ऐकू यायचं. मला वाटायचं, मी मोठ्या उपयोगाचा. या तोंडातलं त्या तोंडात नेतोय, हे कळायची अक्कल मला नव्हती. त्यांनाही नव्हती.

आक्काबाई त्या गोलात नसायची. घरात ती सगळ्यांच्या मागून जेवायची. बायकांनी चारचौघांत दात कोरणं बरं दिसत नाही, असं गावात समजतात. तिच्यासाठी चुलीमागं मिसरीची डबी होती. तव्यावर तंबाखू जाळायची, कुस्करायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळत मागच्या ओट्यावर बसायचं. सकाळी एकदा. मग दुपारीही. मग चार वेळा.

हिरडीतून रक्त यायला लागलं तेव्हा शेजारची कमलबाई तिला म्हणाली होती, "मिसरी लाव माय, हिरडी घट्ट व्हस." आणि दुसरी एक गोष्ट सांगितली होती, ती तर सगळं गाव मानतं: जिथून रक्त येतं त्या बाजूला हात लावायचा नाही, तिला आराम द्यायचा. म्हणून आक्काबाईनं डावी बाजू सोडून दिली. काडी फिरवायची ती उजवीकडेच. वर्षानुवर्षं डाव्या बाजूला अन्न बसत गेलं, आणि वरून मिसरी बसत गेली. मिसरीनं दुखणं झोपतं. जात नाही.

हे मला कसं माहीत? सांगतो. सांगायला जड जातं.

चिंधाभाऊ अंघोळीला बसला की मला करगोट्यातून सोडवून खिळ्याला अडकवायचा. एका सकाळी आक्काबाई आली, दाराकडे एकदा बघितलं, मला उचललं आणि दाराआड उभी राहिली. सोडून दिलेल्या डाव्या बाजूला अडकलेलं तिला सोसेना. मग मी तिच्या तोंडात गेलो. तिच्या पायाला मी ओळखत होतो, पण तोंडाला पहिल्यांदाच भेटत होतो. हिरडी कशी असते? ठणठणीत माणसाची हिरडी दाताला धरून बसते, जशी जात्याला माती धरते. तिची हिरडी पावसात भिजलेल्या भिंतीसारखी होती. टोक लावलं की आत जायचं. मी आत गेलो. रक्त आलं. तिला बरं वाटलं. तिनं मला धुतलं, चांगलं घासून धुतलं, आणि परत खिळ्याला अडकवलं. या घरात मला धुणारी ती एकटीच.

मग ते रोजचं झालं. मी साफ करतोय असं तिला वाटायचं. मी नुसती जागा रुंद करत होतो. आज मी टोचलेल्या जागी उद्या जास्त अन्न बसायचं, परवा मी अजून खोल जायचो. ओरडावं असं फार वाटायचं. पण चांदीला कुठलं तोंड? खिळ्यावरून मला अंघोळ करणारा तिचा नवरा दिसायचा. दोघांच्या मध्ये एक मातीची भिंत होती, तेवढीच.

राजदीप मोठा झाला, दीपनगरला नोकरीला लागला, तिकडंच राहिला. त्याची मुलगी प्रज्ञा शिकली आणि धुळ्याला एका दातांच्या डॉक्टरांकडे हाताखाली काम करायला लागली. तीन वर्षांपूर्वी ती सुटीला आली तेव्हा पिशवीतून काय काय काढलं. मऊ केसांचे ब्रश, एक छोटी डबी, तिच्यात पुदिन्याच्या वासाचा दोरा, आणि बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू वाटावं असे इवलेसे ब्रश.

आबाला तिनं खाटेवर बसवलं. "आबा, हा दोरा हातभर तोडायचा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा. दोन दातांच्या मधून हळूच पुढं-मागं करत खाली न्यायचा. हिरडीवर आपटायचा नाही. मग दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर घ्यायचा. आधी या दाताला, मग शेजारच्याला. फट मोठी असेल तिथं हा छोटा ब्रश."

"दोरानी कपडा शिवतस पोरी, दात नही," आबा म्हणाला.

"आणि हे फेकून द्या." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "लोखंड असो की चांदी, हिरडीला जखम करतं ते."

"ते तुनी आजीनं जोडवं शे. फेकसू कसं?"

प्रज्ञा आत वळली. "आजी, तू ये. तुझे दात बघू दे."

आक्काबाई चुलीपाशीच होती. पदर तोंडावर होता. "मना दात चांगला शेतस."

"हिरडीतून रक्त येतं का गं कधी? आलं तर थांबायचं नाही बरं, मऊ ब्रशनं त्याच जागी हळूहळू साफ करायचं. पंधरा दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवायचं."

आक्काबाई काही बोलायच्या आधी आबाच बोलला. सहज बोलला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "तिले काही नही. इतला वरीस व्हयनात, कधी दात दुखस म्हणी नही."

मी त्याच्या कमरेला होतो. आदल्या दिवशीच मी तिच्या हिरडीत एवढा खोल गेलो होतो. आक्काबाईनं चुलीत फुंकर घातली आणि विषय संपला.

प्रज्ञानं आजीसाठीही एक डबी ठेवली. आक्काबाईनं तो दोरा ओढून बघितला, तुटेना. एवढा मजबूत दोरा दातांवर कशाला घालवायचा? थंडी येत होती. तिनं त्या दोऱ्यानं आबाच्या गोधडीची उसवलेली किनार शिवून काढली. गोधडीला पुदिन्याचा वास यायचा. आबा म्हणायचा, यंदा गोधडी कशी ताजी लागते.

मागच्या थंडीत असाच भरताचा दिवस होता. धनसिंग नानाच्याच खळ्यात पंगत बसली होती. आक्काबाईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि थांबली. घास हातात काढला. घासात दात होता. तिनं मूठ मिटली, पदराला गाठ मारली आणि पुढ्यातलं भरीत नुसतं चाटत बसली. कुणाला कळलं नाही. मलाही नाही, तिनं गाठ सोडून तो दात परसात पुरला तेव्हा मी खिळ्यावरून पाहिला.

महिनाभरात अजून दोन पडले. मग गाल सुजला, ताप भरला. तिला साखरेचा आजार आहे, साखरही चढली. राजदीप गाडी घेऊन आला आणि सगळे धुळ्याला प्रज्ञाच्या डॉक्टरांकडे गेले. आबाच्या कमरेला मीही होतो.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आजी, हिरड्यांतून रक्त कधीपासून येतं?"

आक्काबाईनं बोटं मोजली नाहीत. लगेच सांगितलं, "राजदीप पोटमा व्हता तईपासून."

राजदीप तिथंच उभा होता. बेचाळीस वर्षांचा.

"मग घरात कुणाला सांगितलं नाही?"

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस नाही आला म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

"कोनी इचारं नही."

आबाचा हात आपोआप कमरेला गेला आणि त्यानं मला घट्ट धरलं. टोक त्याच्या बोटात रुतलं. त्यानं काढलं नाही.

दात वाचवण्यासारखे उरले नव्हते. दोन-तीन खेपांत सगळे काढले. कवळी केली, पण खालचं हाड झिजलेलं, ती बसते आणि निसटते. आता ती कवळी पाण्याच्या पेल्यात असते. आक्काबाई भाकरी कोमट पाण्यात कुस्करून खाते. कुणासमोर खात नाही. पंगतीला जात नाही.

धुळ्याहून आल्या दिवशी आबानं मला करगोट्यातून सोडवलं आणि या डबीत ठेवलं. मग गोधडी अंगावर घेतली आणि किनार हातात घेऊन बसून राहिला. तो दोरा त्याला तेव्हा ओळखू आला.

त्याचे स्वतःचे वीस दात आहेत. आता तो रोज संध्याकाळी आरशासमोर बसतो, दोरा बोटांना गुंडाळतो, एकेक फट सावकाश साफ करतो. पहिल्या आठवड्यात रक्त आलं तेव्हा घाबरला. प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, "थांबू नका आबा, फक्त हात हलका ठेवा." पंधरा दिवसांनी रक्त थांबलं. तो पोरासारखा खूश होऊन आत गेला, "आयकं का, रक्त थांबनं मनं!"

आक्काबाई म्हणाली, "बरं व्हयनं."

एवढंच म्हणाली. आबानं हातातला दोरा खाली ठेवला. त्या संध्याकाळी त्याच्यानं पुढचे दात झाले नाहीत.

माझं काय मागणं असणार? उद्या मी नसेन. पण तुमच्या घरात एखादा माझ्यासारखा असेल, टाचणी असेल, काडी असेल, तर तिला हिरडीपासून लांब ठेवा. रक्त येतं ती बाजू सोडून देऊ नका, तिलाच जास्त मायेची गरज असते. आणि घरात जी सगळ्यांच्या मागून जेवते, तिचं तोंड कुणी बघितलंय का, तेवढं आठवून बघा. मी चाळीस वर्षं या घरातल्या दोन्ही तोंडांत फिरलो. दोघांना एकमेकांचं काही सांगू शकलो नाही.

आत्ता दुपार झाली. आबा खळ्यात जेवून आला, मागून धनसिंग नाना आला. एका हातात झाकलेली वाटी होती. दोघं ओट्यावर बसले. नानानं वाटी खाली ठेवली, जिभेनं दाढ चाचपली आणि सवयीनं हात पुढं केला.

"चिंधा, दे रे तुनं हत्यार."

आबानं डबी आणली, उघडली, पण मला दिलं नाही. "आते नही देवाव. सकाय सोनारकडे लई जाई ऱ्हायनू. जोडवं करी दे म्हणसू."

"या उमरमा जोडवं? कोनासाठे?"

"जिनं व्हतं तिले दी टाकसू."

नाना चेष्टा करेल असं मला वाटलं. त्यानं आयुष्यभर तेच केलं. पण तो दाराकडे बघत राहिला. आत भांड्याचा आवाज नव्हता, चूल विझलेली होती. आबाही तिकडं बघत होता, उठत मात्र नव्हता. मग नानानं ती वाटी उचलून आबाच्या हातात दिली. मऊ भरीत होतं, देठ काढलेलं, मिरची वेगळी.

"जोडवं सकाय व्हई," धनसिंग नाना त्याला म्हणाला. "तू पहिले घरमा जा. आक्का जेवनी का, ते इचार."