काळ्या पडद्यामागची खोली

वाटूरला खत-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या सर्जेरावांचा संशय म्हणजे उन्हाळ्यातली माशी. इथून हाकलली की तिथं बसणार. आधी तो खताच्या गाडीवाल्यावर बसला, मग हमालावर, आणि यंदा थेट सुनेवर, दीपमालावर. निमित्तही तसंच घडलं होतं. दीपमालाच्या सख्ख्या भावानं फाट्यावर बी-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि सर्जेरावांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं वळली. इकडं दीपमालानं सासऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाचं काहीतरी घातलेलं. ना चित्र, ना माउस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसायची. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर हीच भावाला पुरवत असणार, असं सर्जेरावांनी मनाशी पक्कं केलं. पुरावा सापडला की तिला दुकानातून उठवून चुलीपुढं बसवायचं, हेही ठरलं.

पण पुरावा शोधायचा तर ते यंत्र चालवता यायला हवं. म्हणून एके दिवशी साळसूद चेहरा करून ते तिला म्हणाले, मलाही शिकव. बिचारी हरखून गेली. तिनं त्यांच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं. एलएस लिहिलं की समोर काय काय आहे ते दिसतं, सीडी लिहिलं की एका जागेतून दुसरीकडं जाता येतं, कॅट लिहिलं की फाइलीतला मजकूर वाचता येतो. होम म्हणजे घर, आणि त्यात ज्याची त्याची खोली. सर्जेराव मान डोलवत होते, पण लक्ष सगळं तिच्या खोलीकडं.

दुपारी ती जेवायला घरी गेली आणि हे खुर्चीत बसले. एका बोटानं सीडी लिहिलं, पुढं तिच्या खोलीचं नाव. यंत्रानं इंग्रजीत सुनावलं, परवानगी नाही. दुकान माझं, यंत्र माझं आणि परवानगी मलाच नाही? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं म्हणून ते पेटलेच. अडलेलं काम दीपमाला आधी सुडो लिहून करून घेते, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. त्यांनी सुडो लिहिलं, आपला पासवर्ड घातला. यंत्र म्हणालं, तुम्हाला हा अधिकार नाही, आणि ही घटना कळवण्यात आली आहे.

कळवली? कुणाला? सर्जेराव उठून दाराशी जाऊन बघू लागले. दुकानापुढं थांबणारी प्रत्येक मोटारसायकल त्यांना पोलिसाची वाटू लागली.

दीपमाला आली, काही अक्षरं बडवली आणि थांबली. दुकानातलं गिऱ्हाईक गेल्यावर ती सासऱ्यांकडं वळली.

"मामा, माझ्या खोलीत जायला बघत व्हते तुम्ही?"

"कोन म्हन्तं?"

"मशीनच सांगून राह्यलं."

मग सर्जेरावांनीही आडपडदा ठेवला नाही. आपली गिऱ्हाइकं तुझ्या भावाला कशी सापडली, असं त्यांनी तोंडावर विचारलं. दीपमालाचा चेहरा उतरला. तिनं काहीतरी लिहून खोली उघडी केली आणि खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

"बघा बिलकुल सगळं. घरात तुम्ही उंबऱ्याशी खाकरल्याबिगर कधी आत आले न्हाई, मामा. म्हनून तुमच्याजवळ दुकानात बसायला मला कधी भ्या वाटलं न्हाई."

डोक्यावरचा पदर सारखा करून ती घरी निघून गेली.

सर्जेरावांनी एकूण एक फाइल वाचली. एकीत नमस्कार, दुसरीत नमस्कार वाटूर, तिसरीत गावच्या ओढ्यांची नावं. शिकताना गिरवलेलं सगळं. गिऱ्हाइकाचं नाव एकही नव्हतं. गिऱ्हाइकं का गेली हे त्यांना तेव्हा उमगलं. पोतं न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं ते तो चोर असल्यासारखं बघत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुकान तसंच सोडून ते घरी गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून खाकरले. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"दीपमाला, दुकानात चल," ते म्हणाले.

"या मामा, आत या," ती आतून म्हणाली. "दुपारी खाकरले न्हाई, आता कशाला खाकरता?"

सर्जेरावांचं पाऊल काही उचललं नाही. आत भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली.