सरहद्दीपार गेलेला पानांचा डबा

विरार स्टेशनच्या टोकाला, गवतात बुडालेल्या रुळावर उभा असलेला तो मालडबा म्हणजे मीच. मित्रांनो, माझा लाल रंग आता उडाला आहे आणि दार सरकताना कुरकुरतं. पण फळ्यांना नाक लावून बघा, अजून विड्याच्या पानांचा वास येतो.

सरकारी कारखान्यात मला घडवलं, तेव्हा हवा खेळावी म्हणून माझ्या अंगाला झरोके ठेवले होते. जवळच्या आगाशी गावच्या पानमळ्यांतून बैलगाड्या यायच्या. केळीच्या पानांत गुंडाळलेली विड्याची पानं करंड्यांत भरून माझ्यात रचायची, आणि मी निघायचो थेट लाहोरला. लग्नसराईत आणि ईदच्या आधी तर मला उसंत नसे.

मग फाळणी झाली आणि लाहोर परदेश झालं. माझ्या फेऱ्या थांबल्या. पुढे सरहद्दीपार माल नेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा भर उन्हाळा होता. पहिली गाडी आगाशीच्या रंभाबाईंच्या मळ्यातून भरली. त्यांचा दीर हरेश्वर मालाबरोबर जाणार होता.

"भावोजी," रंभाबाई म्हणाल्या, "पान सडलं तर लाहोरवाला परत मागनार नाय. मग वेली उपटून टाकायच्या नि दुसरं काय तरी लावायचं."

"वयनी, हिरवंगार पोचवतो की नाय बघा!"

"बघते. आधी डब्यात चढनाऱ्या त्या हमालाला चपला काढायला सांगा!"

आमच्याकडे पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. पान भरलेला डबाही रंभाबाईंना मळ्यासारखाच. मी मनातून फुलून गेलो. एवढा मान मालडब्याला कोण देतो?

वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर हरेश्वर बादलीने पाणी आणून माझी जमीन भिजवायचा, करंड्यांवर शिंपडायचा. स्वतः अनवाणी असायचा.

सरहद्दीपलीकडच्या स्टेशनात मात्र आम्हाला अडवलं. ऊन असं, की फलाटाच्या फरशीवरून वाफा निघत होत्या. तपासणीचे साहेब आले. मिशा भरघोस, बूट चकचकीत.

"सगळ्या करंड्या फलाटावर काढा. तिथे उघडून बघू."

माझ्या फळ्या चरकल्या. त्या फरशीवर पानं घटकाभरातच करपली असती. हरेश्वरने हात जोडले, पण साहेब ऐकेनात. किती माल आहे ते बघायला त्यांनी माझ्या पायरीवर पाय ठेवला, आणि सवयीनं हरेश्वर ओरडला, "साहेब, बूट! बूट नीचे!"

हरेश्वरने जीभ चावली. परक्या देशात, गणवेशातल्या अधिकाऱ्याला त्याने बूट काढायला सांगितले होते! एक शिपाई खुदकन हसला.

साहेबांनी हरेश्वरच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "मशीद आहे का ही?"

"मळा आहे साहेब," हरेश्वर चाचरत म्हणाला. "आमच्या वयनीचा."

साहेबांनी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि ते आत आले. माझी जमीन ओली, गार होती. त्यांनी पाय तसेच ठेवले, डोळे मिटले, मग बाहेरच्या तापलेल्या फरशीकडे पाहिलं.

"करंड्या इथेच उघडा," ते म्हणाले. "एकेक. बाहेर काही न्यायचं नाही."

आणि मित्रांनो, लाहोरच्या बाजारात आगाशीचं पान हिरवंगार उतरलं! रंभाबाईंना तार आली: आणखी पाठवा. मळे पुन्हा डवरले. पुढचे कित्येक हंगाम मी सरहद्द ओलांडत राहिलो. सरहद्दीपलीकडच्या त्या स्टेशनात मी शिरलो की साहेब, कुणी न सांगता, पायरीवर बसून नाड्या सोडू लागायचे.

आता तुम्ही पोरं संध्याकाळी माझ्यात खेळायला येता, मला फार बरं वाटतं. पळा, लपा, झरोक्यांतून हाका मारा. फक्त माझ्या फळ्या उचकटू नका. आणि हो, चढण्याआधी चपला खाली काढा. एवढे मोठे साहेब काढत असत.